दोन, तीन

सिस्टरला हल्ली ऐकू कमी येतं, असं तिच्या घरात सगळ्यांचं ठरून गेलं होतं. तिचं एकटीचं सोडून. लेकीनं "आई" अशी हाक मारली की सिस्टर लगेच वळत नसे. हातात कप असेल तर आधी तो खाली ठेवी. सुरी असेल तर सुरी. नळ चालू असेल तर तो बंद करी, गॅस बारीक करी, हातातलं काम नीट जागेवर आहे ना ते डोळ्यांनी बघून घेई, आणि मग मान वळवून विचारी, "काय गं?" तोवर लेकीच्या आणखी दोन हाका होऊन गेलेल्या असत.

जावई भला माणूस. त्यानं कानाच्या मशिनांची रंगीत पत्रकं आणून टीपॉयवर ठेवली, अगदी सहज दिसतील अशी. लेकीनं कानाच्या डॉक्टरची वेळ दोनदा घेतली आणि दोन्ही वेळा सिस्टरला ऐन वेळी काहीतरी काम निघालं. "माझे कान शाबूत आहेत," ती म्हणे. "भिंतीपलीकडची बाई काल नवऱ्याला काय बोलली ते सांगू का?" आणि खरोखरच सांगे, शब्दन् शब्द. जावयाला हसू आवरत नसे आणि विषय तिथेच राही. पण पत्रकं काही टीपॉयवरून हलली नाहीत.

सिस्टर हे काही तिचं नाव नव्हे. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात काढल्यावर हुद्दाच नावासारखा चिकटून बसला. दूधवाला सिस्टर म्हणे, शेजारी सिस्टर म्हणत, नवरा हयात होता तेव्हा तोसुद्धा चेष्टेनं सिस्टर म्हणायचा आणि पाहुण्यांसमोर तोंडून गेलं की जीभ चावायचा. अंगानं बारकी, चालणं झपाझप, आणि जगात काहीही सुरू झालं किंवा संपलं की आधी घड्याळात बघायचं ही खोड. मूल जन्मलं की पहिली वेळ सांगायची, मग मुलगा की मुलगी ते, असा वॉर्डाचा नियम. तो तिच्या अंगात इतका मुरला की बस सुटली तरी ती मनगट वर करी. नवरा गेला तेव्हाही तिनं आधी घड्याळ बघितलं, सहा वाजून चाळीस मिनिटं, आणि मग हंबरडा फोडला. त्यावरून नणंदा तिला वर्षभर नावं ठेवत होत्या. ठेवू देत बापड्या. चौतीस वर्षं वॉर्डात उभं राहून बघा म्हणावं.

वॉर्डात तिची ख्याती होती ती फुंकरीसाठी. मूल जन्मलं आणि रडलं नाही, निळं पडून गप्प राहिलं, की डॉक्टरसुद्धा बाजूला होऊन म्हणत, "सिस्टरना बोलवा." मोठ्या माणसाला फुंकतात तशी छातीतली हवा तान्ह्याला चालत नाही. लिंबाएवढी फुप्फुसं, फाटून जातील. म्हणून गालात मावेल तेवढीच हवा घ्यायची, बाळाचं नाक-तोंड आपल्या तोंडात धरायचं आणि हळूच सोडायची. मग मान वर करून "दोन, तीन" म्हणायचं. पुन्हा फुंकर. पुन्हा "दोन, तीन". एक म्हणायला तोंड मोकळं नसतं.

नव्या नर्सांना ती हे घरी बोलावून शिकवायची, रविवारी दुपारी, बाहेरच्या खोलीत, एका रबरी बाहुलीवर. लेक तेव्हा सात-आठ वर्षांची. बाहुली आणून देणं आणि शिकवणी झाली की तिचं तोंड पुसून ठेवणं हे तिचं खातं होतं. एकदा तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "आई, तू दोन, तीन म्हणतेस. मग एक कुठे गेला?"

"एक बाळाला दिला," सिस्टर म्हणाली होती, आणि सगळ्या नर्सा खो खो हसल्या होत्या.

त्या शिकवणीतला आणखी एक नियम लेकीला तोंडपाठ होता. फुंकर मधेच थांबवायची नाही. हात दुखो, मान अवघडो. थांबायचं एकाच कारणानं, बाळानं स्वतःहून श्वास घेतला तर. तेव्हा थांबायचं आणि डोळ्यांत तेल घालून बघत राहायचं.

आता सांगायलाच हवं ते सांगते. दीड वर्षापूर्वी लेकीला मुलगी झाली आणि गेली. लग्नानंतर अकरा वर्षांनी राहिलेलं मूल. आठव्या महिन्यातच अचानक पोट दुखू लागलं, घराजवळच्या छोट्या नर्सिंग होममध्ये धावत नेलं. तिथली डॉक्टरीण सिस्टरच्या हाताखाली शिकून गेलेली, म्हणून सिस्टरला आत घेतलं. मूल बाहेर आलं आणि लेकीचं रक्त थांबेना. एक नर्स रक्ताच्या बाटलीसाठी पळाली, दुसरी डॉक्टरणीला हात देत होती, मुलांचा डॉक्टर अजून वाटेत होता. कोपऱ्यातल्या दिव्याखालच्या टेबलावर ते बाळ आणि आजी, दोघीच. पुढे लेक शुद्धीवर आली आणि तिनं विचारलं, "रडली का गं?" तेव्हा सिस्टर म्हणाली, "नाही बाळा. पहिल्यापासूनच काही नव्हतं." डॉक्टरणीनं कागदावर तेच लिहिलं. सिस्टरच्या शब्दावर कोण शंका घेणार?

ते खोटं होतं. मुलगी नऊ मिनिटं जगली होती, अकरा चौदा ते अकरा तेवीस. हे जगात एकट्या सिस्टरला माहीत होतं आणि लेकीला ते कधीही कळू नये यासाठी ती दीड वर्ष जिवाचं रान करत होती. मूल गेल्याचं दुःख जड असतं, पण जगून गेल्याचं त्याहून जड, एवढ्यासाठीच तिनं लपवलं असं कुणालाही वाटेल. तेवढंच असतं तर तिनं कधीच सांगून टाकलं असतं.

लेक त्या दिवसापासून मिटून गेली. ऑफिसला जाई, येई, जेवे, विचारलं तर उत्तर देई. शेवटी जावयानंच चार दिवसांची सहल ठरवली, तळ्याकाठच्या एका गावाची, आणि मायलेकींना बसमध्ये बसवून दिलं. स्वतः आला नाही. "मी असलो की ती माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न करते," तो सिस्टरला बाजूला घेऊन म्हणाला. "तुमच्यासमोर तरी तिला हसावं लागणार नाही."

पहिले दोन दिवस दोघी तळ्याच्या कडेनं चालल्या आणि लॉजच्या खोलीत पडून राहिल्या. खोली बरी होती. दोन पलंग, मधे एक खुर्ची, खिडकीला न बसणारी कडी. सिस्टरनं कागदाची घडी खोचून ती बसवली. तिसऱ्या दिवशी खाली टेबलावर लेकीला एक कागद दिसला, 'काचेची वस्तू स्वतः फुंकून बनवा, दुपारी दोन ते चार'. लेक तो बराच वेळ वाचत उभी राहिली आणि म्हणाली, "जाऊया?"

किती महिन्यांनी तिनं काही मागितलं होतं. सिस्टरला त्या काचेशी काडीचं देणंघेणं नव्हतं, पण ती चपला घालून तयार झाली. चपला चालणार नाहीत, बंद बूट हवेत, असं कागदावर लिहिलेलं लेकीनं दाखवलं, तेव्हा चालायचे बूट चढवले.

कारखाना म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. आत पाऊल टाकलं आणि तोंडावर आच आली. एका भट्टीत काच वितळत होती, दुसरीचं तोंड उघडंच होतं, वस्तू पुन्हा तापवायला. भिंतीला लोखंडी नळ्या टेकवून ठेवलेल्या, साडेचार-पाच फुटांच्या. पाण्याच्या बादलीत लाकडी पळ्या भिजत पडलेल्या. काचवाला पन्नाशीचा, हातावर भाजल्याचे जुने डाग आणि तोंडाला विसावा नाही.

"या, मावशी! घाबरायचं नाही. इथे फुंकलेल्या काचेच्या गोळ्यात तुमचा श्वास कायमचा राहणार. शंभर वर्षांनीही."

"गोळ्याला भोक असणार ना वरती?" सिस्टरनं विचारलं.

"हो, नळी तोडल्यावर राहतंच."

"मग हवा आत कशी राहील?"

काचवाल्याला हे आजवर कुणी विचारलं नसावं. तो डोकं खाजवत हसला आणि लेकीच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला. सिस्टरनं तो बघितला. दीड वर्षात तेवढंही कधी दिसलं नव्हतं.

"तूच कर, आई," लेक म्हणाली. "मी बघते." रंग मात्र तिनं निवडला, निळा.

काचवाल्यानं नळीचं टोक भट्टीत घातलं आणि मधाच्या बरणीत चमचा फिरवावा तसं फिरवून लालभडक काचेचा गोळा वर काढला. निळ्या काचेच्या चुऱ्यात लोळवला, पुन्हा तापवला, आणि नळी एका लोखंडी घोडीवर टेकवून दुसरं टोक सिस्टरच्या हातात दिलं. "दोनच गोष्टी. एक, नळी फिरवत राहायची. काही झालं तरी थांबायचं नाही. थांबलात की काच लोंबलीच. दुसरी, मी म्हणेन तेव्हा फुंकायचं. मी पलीकडून आकार देतो." त्यानं ओल्या वर्तमानपत्राची जाड घडी तळहातावर घेतली. "हं, फुंका!"

सिस्टरनं घड्याळात बघितलं. दोन वाजून बावीस मिनिटं. तिनं नळीला तोंड लावलं आणि फुंकलं.

काहीच झालं नाही.

"जोरात, मावशी! दिवा विझवताय का?"

तिनं पुन्हा फुंकलं. तेवढंच. गालातलं. छातीतून हवा काढायची तिनं मनात ठरवलं, पण गाल ऐकेनात. चौतीस वर्षं त्यांना एकच माप शिकवलेलं. काचवाला हसत होता, पलीकडे आपली पाळी यायची वाट बघत बसलेलं एक जोडपं हसत होतं, आणि सिस्टर घाम पुसायलासुद्धा न थांबता नळी फिरवत, लहान मुलासारखी ओशाळून, त्याच चिमुकल्या फुंकरा घालत होती.

"बरं, असू द्या," काचवाला म्हणाला. "तुमची फुंकर लहान आहे ना, मग दुसरी युक्ती. फुंका आणि लगेच भोकावर अंगठा ठेवा. आत गेलेली हवा तापते आणि आपोआप फुगते. फक्त वाट बघायची."

तिनं फुंकलं, अंगठा दाबला, दुसऱ्या हातानं नळी फिरती ठेवली. क्षणभर काही नाही. मग त्या लाल गोळ्याच्या पोटात एक बुडबुडा उठला, वाटाण्याएवढा, आणि तिच्या डोळ्यांदेखत सुपारीएवढा झाला. इतकं सोपं! हळूच एक फुंकर, आणि वाट बघायची.

"वा! आता चालू ठेवा," काचवाला म्हणाला. "आणि तुमची नजर छान आहे हो. हलत नाही. लोक इकडेतिकडे बघतात."

मग ती लयीत शिरली. फुंकर, मान वर, नळीचा फेरा. फुंकर, मान वर, फेरा. बुडबुडा वाढत चालला आणि तिच्या तोंडून तिच्या नकळत ते निघू लागलं. "दोन, तीन." फुंकर. "दोन, तीन." फुंकर. "दोन, तीन."

"आई."

लेक उजव्या बाजूला दोन पावलांवर उभी होती. सिस्टर वळली नाही. नळी फिरत राहिली.

"आई, हे मी ऐकलंय," लेक म्हणाली. आवाज अगदी हळू. "त्या दिवशी. मला बाकी काही आठवत नाही, फक्त हे आठवतं. दोन, तीन. दोन, तीन. आणि मग बंद झालं. आणि मग पुन्हा सुरू झालं. आई, तू मधे का थांबली होतीस?"

सिस्टरनं मान वळवली.

"फिरवा!" काचवाला ओरडला. "अहो मावशी, फिरवा!" पण तिचे हात नळीवर नुसते ठेवल्यासारखे पडले होते. काच एका अंगाला झुकली, लोंबली. काचवाल्यानं झेप घालून नळी हिसकली, गरागरा फिरवली, ओल्या कागदानं गोळा वर लोटला. वाफ झाली, जळक्या कागदाचा वास सुटला. गोळा पडला नाही, पण एका बाजूला कललाच.

"बिघडला," तो म्हणाला. "काही हरकत नाही, हा बादलीत टाकू. दुसरा करू."

"नको," लेक म्हणाली. "हाच राहू दे."

काचवाल्यानं दोघींच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याची बडबड बंद झाली. त्यानं गोळ्याच्या नळीजवळच्या मानेवर पाण्याचा थेंब सोडला, नळीला हलकीशी टिचकी दिली आणि सुटलेला गोळा तिसऱ्या, बंद भट्टीत ठेवला. "रात्रभर हळूहळू निवू द्यायचा. घाई केली तर तडकतो. उद्या आठला या."

लॉजवर जायला दहा मिनिटांचा रस्ता होता. लेक पुढे, सिस्टर मागे. लेकीला फुंकरीचा नियम पाठ होता हे सिस्टरच्या कसं लक्षात आलं नाही? थांबायचं एकाच कारणानं. बाहुलीचं तोंड पुसणाऱ्या पोरीला तिनंच शिकवलं होतं.

पण सिस्टरला भीती पुढच्या प्रश्नाची होती. थांबलीस ते कळलं, मग पुन्हा सुरू का केलंस? मधे काय झालं?

मधे झालं होतं ते असं. तीन मिनिटं फुंकर घातल्यावर बाळानं स्वतः श्वास घेतला. मग दुसरा, तिसरा, चौथा. छाती हलली, ओठांवर गुलाबी रंग आला. सिस्टर थांबली आणि डोळ्यांत तेल घालून बघू लागली, नियमाप्रमाणे. तेवढ्यात पाठीमागून लेकीनं हाक मारली. "आई." एकदाच, गुंगीत, पण अशी की सिस्टरच्या काळजात चर्र झालं. आणि तिनं मान वळवली. लेकीचा चेहरा कागदासारखा पांढरा, डॉक्टरणीचे हात कोपरापर्यंत लाल. लेक जातेय की काय, एवढंच तिला दिसलं. किती वेळ बघत राहिली? अर्धं मिनिट असेल. जन्मभर घड्याळ बघणाऱ्या बाईनं तेवढाच वेळ मोजला नव्हता. पुन्हा वळली तेव्हा बाळाची छाती स्थिर होती. तिनं फुंकरा घातल्या, घालत राहिली, पण बोटाखालचं काळीज अकरा तेवीसला थांबलं.

मान वळवली नसती तर ती जगली असती का? कदाचित नसती. आठव्या महिन्याचं मूल, एवढा मार खाऊन आलेलं. सिस्टरनं हजार बायांना हेच समजावलं होतं. स्वतःला मात्र तिला पटवता आलं नाही. आणि लेकीला तर काय पटणार? मी हाक मारली म्हणून आई वळली, आणि आई वळली म्हणून माझी मुलगी गेली. लेक पुढची चाळीस वर्षं हेच घोकत बसली असती. त्यापेक्षा पहिल्यापासूनच काही नव्हतं.

खोलीत आल्यावर लेक खुर्चीवर बसली. खिडकीतून तीनचं ऊन येत होतं. सिस्टर पलंगाच्या कडेला टेकली.

"तिनं श्वास घेतला होता," लेक म्हणाली. हा प्रश्न नव्हता.

"हो."

"किती?"

"चार. स्वतःचे चार."

"किती वेळ होती?"

"नऊ मिनिटं. अकरा चौदाला आली. अकरा तेवीसला गेली."

लेकीनं दोन्ही हात तोंडावर दाबले. हुंदका आला नाही, नुसते खांदे हलत राहिले. सिस्टर उठली, पण लेकीनं हातानंच तिला थांबवलं.

"मी तिथेच होते, आई. तीन हातांवर. नऊ मिनिटं माझी मुलगी जिवंत होती आणि मी तीन हातांवर होते. तू मला सांगितलं नाहीस. दीड वर्ष मी समजत होते की मी कुणाची आई झालेच नाही."

"चुकलं माझं."

"माफ वगैरे मला आत्ता करता येणार नाही."

"नको करूस."

बाहेर कुणीतरी जिन्यावरून बादली आपटत खाली नेत होतं. मग लेकीनं एकेक विचारायला सुरुवात केली आणि सिस्टरनं एकेक सांगितलं. डोळे उघडले होते का? एकदा, अर्धवट. केस होते? दाट, ओले, कपाळावर आलेले. आवाज? रडली नाही, पण पहिला श्वास घेताना मांजराचं पिल्लू शिंकतं तसा आवाज झाला. कुणासारखी होती? "हनुवटी तुझी," सिस्टर म्हणाली.

"आणि मग?" लेकीनं विचारलं. "चार श्वास घेतले, मग तू पुन्हा का सुरू केलंस? मधे काय झालं?"

"काही नाही. दमली ती."

"तू बघत होतीस ना तिच्याकडे?"

"बघत होते," सिस्टर म्हणाली. "माझी नजर हलली नाही."

"मी काही बोलले का गं तेव्हा? मला काहीच आठवत नाही."

सिस्टरनं लेकीच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "नाही. तू गुंगीत होतीस. एक शब्द बोलली नाहीस."

लेकीनं मान हलवली. मग डावा तळहात पुढे केला, उताणा. "तिला कशी फुंकर घातलीस? दाखव. तेवढीच. कमी नको, जास्त नको."

सिस्टर तिच्यापुढे जमिनीवर बसली. तिनं तो हात दोन्ही हातांत धरला, गालात हवा घेतली आणि हळूच सोडली. लेकीनं मूठ मिटली आणि तेव्हा कुठे ती रडली, मोठ्यानं, खोलीबाहेर ऐकू जाईल अशी. सिस्टरही रडली. तिचं रडणं निम्मं वेगळ्या गोष्टीसाठी होतं, पण ते कुणाला कळणार होतं?

सकाळी आठला काचवाला दारातच उभा होता. गोळा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला. लेकीनं कागद सोडून तो बघितला. संत्र्याएवढा, निळसर, एका खांद्यावर मान टाकल्यासारखा कललेला.

"ठेवला तर गडगडेल," काचवाला म्हणाला. "खाली काहीतरी मऊ द्या."

"देईन," लेक म्हणाली.

बस नऊची होती. सिस्टर थांब्यावर बाकाशी उभी राहून बॅगेत जागा करत होती, गोळ्यासाठी. दोन साड्यांच्या मधे गोळा ठेवायचा, बाजूनं टॉवेल. लेक चार पावलांवर, रस्त्याच्या कडेला, बस येते का बघत होती.

"आई!"

सिस्टरच्या हातात गोळा होता. तिनं तो साड्यांमधे ठेवला. टॉवेल चारी बाजूंनी नीट खोचला. हलत नाही ना ते बोटानं बघितलं.

"आई! अगं आई, बस आली!"

तिनं चेन लावली आणि मग मान वळवली. "काय गं?"

लेक जवळ आली. डोळे सुजलेले, पण चेहऱ्यावर रोजची ती रिकामी शांतता नव्हती. तिनं बॅगेचा एक बंद धरला आणि कितीतरी महिन्यांनी पूर्वीसारखी रागावली. "तीन हाका मारल्या मी. आता माझं ऐकायचं. घरी गेल्या गेल्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं, आणि या वेळी काम निघालं वगैरे चालणार नाही."

बसनं हॉर्न दिला. रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर कपबशा धुतल्याचा आवाज येत होता आणि मागच्या बाकावरची म्हातारी नातीला हळू आवाजात काहीतरी समजावत होती. सिस्टरला ते सगळं ऐकू येत होतं.

"जाऊ," ती म्हणाली. "तू म्हणशील ते मशीन घेऊ."